मणक्यांचं कलम

पहाटे लवकर उठणाऱ्या बाईचं आमच्याकडं फार कौतुक होतं. २०१५ ते २०१९ ही चार वर्षं मी रोज साडेतीनला उठत होते, आणि माझंही कौतुक झालं. खरं कारण असं की त्यानंतर झोपून राहणंच शक्य व्हायचं नाही. कमरेच्या खाली, बसताना जिथं टेकतो तिथं आत खोलवर ठणका लागायचा. कधी डाव्या बाजूला, आठ दिवसांनी उजव्या. कूस बदलायची तर आधी पलंगाची कड धरायची, मग गुडघे वळवायचे, मग धड. उठल्यावर स्वयंपाकघरापर्यंत भिंतीला हात लावून जायचे. पाणी भरून, भाकरी करून, डबे भरून होईस्तोवर तासभर जायचा आणि अंग हळूहळू सुटं व्हायचं. नऊ वाजता बागेत विरळणीला उभी राहिले की पहाटेची ती बाई मीच, यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

माझं माहेर वाई, सासर तासगाव तालुक्यातलं, घरची साडेतीन एकर द्राक्षबाग. २०१४ मध्ये मुलगी झाली आणि त्यानंतर कंबर धरली, म्हणून साऱ्या घरानं दुखण्याचं नाव बाळंतपणावर लिहून टाकलं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, मनापासून हळहळायच्या. "माहेरात कंबर नीट शेकली न्हाई गं तुझी, त्यातनं वारं शिरलं." त्यांनी स्वतः निखाऱ्यावर वीट तापवून, फडक्यात गुंडाळून माझी कंबर शेकली आहे. शेकलं की बरं वाटायचं, हेही खरं. पण बाळंतपणाच्या आधी, लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझ्या दोन्ही टाचा मागच्या बाजूनं इतक्या दुखायच्या की सकाळी चप्पल घालून मी न्हाणीत जायचे. त्या टाचा आणि ही कंबर यांचा काही संबंध असेल हे ना मला सुचलं, ना कुणी विचारलं.

२०१६ मध्ये एका दवाखान्यात कमरेचा फोटो काढला. नॉर्मल आला. पट्टा दिला, इंजेक्शनं दिली, आणि तीन आठवडे पूर्ण आराम सांगितला. मी वाईला जाऊन पडून राहिले. या तीन आठवड्यांबद्दल मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण दुखण्याची खरी ओळख तिथंच होती आणि ती आमच्या हातून सुटली. काम करून कंबर दुखत असती तर आरामानं उतार पडला असता. माझं उलट झालं. जितकी पडून राहिले तितकी आखडत गेले. दुसऱ्या आठवड्यात शिंक आली तरी बरगड्यांत कळ जायची. आई म्हणाली, तुला कामाची सवय, म्हणून असं होतंय. मीही तेच धरून चालले.

शेजारच्याच घरात तात्यामामा, आईचे थोरले भाऊ. उभ्या आयुष्यात शिवणकाम केलेले. त्यांची पाठ कमानीसारखी वाकलेली आणि मान पुढं गेलेली मी लहानपणापासून बघत आले. भिंतीवरचं घड्याळ बघायचं तर ते गुडघ्यात वाकायचे आणि सगळं शरीर मागं कलवायचे, कारण नुसती मान वर होतच नसे. रस्त्यानं जाताना समोरच्याच्या चपला ओळखायचे, चेहरा नंतर. सगळी वाई म्हणायची, मशीनवर बसून बसून शिंप्याची पाठ अशी झाली. मी पडून होते तेव्हा मामा रोज येऊन खुर्चीवर बसायचे. एकदा म्हणाले, "मलापण तुझ्या वयात असंच व्हायचं. सकाळी लाकूड. चाललो की बरं." मग थोडं थांबून, "नंतर दुखायचं राहिलं. तेव्हा पाठ बसलेली होती." हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

पुढची तीन वर्षं पाठदुखीच्या गोळीवर गेली.

२०१९ च्या मार्चमध्ये, माल काढायची गडबड चालू असताना उजवा डोळा लाल झाला. डोळे आले असतील म्हणून मेडिकलमधून थेंब आणले. पण चिपडं नव्हती, दुसरा डोळा स्वच्छ होता आणि उजेड अजिबात सहन होत नव्हता. चौथ्या दिवशी यांनी सांगलीला नेत्रतज्ज्ञांकडं नेलं. त्यांनी हनुवटी मशीनवर ठेवायला लावून बराच वेळ बघितलं आणि सांगितलं की डोळ्याच्या मधल्या थराला सूज आहे, याला युव्हाइटिस म्हणतात. स्टेरॉइडचे थेंब आणि बाहुली मोठी करायचे थेंब लिहून दिले. चिठ्ठी लिहिता लिहिता मान वर न करता विचारलं, "कंबर दुखते का? पहाटे?"

मला रडूच आलं. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी पहाटेचं विचारलं होतं.

त्यांनी मिरजेच्या संधिवाततज्ज्ञ मॅडमकडं पाठवलं. मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगीच नाही. १८९४ पासून, वान्लेस डॉक्टरांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून, चारी दिशांनी माणसं तिथं उपचाराला येतात. तरीही मणक्याच्या दुखण्याला संधिवाताचा डॉक्टर लागतो हे आम्हाला नवीनच होतं. मॅडमनी पंचवीसेक मिनिटं नुसतं विचारलं. कधी सुरू झालं, हळूहळू की एकदम, सकाळी किती वेळ आखडतं, चालल्यावर कमी होतं का, रात्री कितीला जाग येते, टाच दुखली होती का, पोट बिघडतं का, अंगावर खवले येतात का, घरात कुणाला आहे का. टाचेचं नाव निघालं तेव्हा मी यांच्याकडं बघितलं. घरातलं विचारलं तेव्हा तात्यामामा डोळ्यांपुढं उभे राहिले.

मग त्यांनी मला पाठमोरी उभी करून कमरेच्या दोन खळग्यांच्या रेषेवर पेनानं खूण केली, तिच्या दहा सेंटिमीटर वर एक, पाच सेंटिमीटर खाली एक. गुडघे न वाकवता पुढं वाका म्हणाल्या आणि टेपनं मोजलं. पंधराचं अंतर निदान वीस व्हायला हवं. माझं साडेसतरा झालं. छातीला टेप लावून खोल श्वास घ्यायला लावला. टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभं केलं आणि डोकं मागं टेकवायला सांगितलं. टेकलं, पण हनुवटी वर न उचलता टेकवताना जोर लावावा लागला. टेप, पेन आणि भिंत एवढ्यावर हे सगळं झालं.

रक्तात सीआरपी २८ आला, म्हणजे अंगात सूज होती. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आला. हा जनुकाचा एक प्रकार. त्याचं आणि मॅडमना संशय होता त्या मणक्यांच्या संधिवाताचं नातं १९७३ मध्ये समजलं. मॅडमनी दोन गोष्टी लगेच स्पष्ट केल्या. हा आजार असलेल्या बहुतेकांत हे जनुक सापडतं, पण जनुक असलेल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. त्यामुळं नुसत्या या रिपोर्टवर कुणी निदान करत नाही आणि कुणी घाबरूनही जायचं नाही. माझ्या मुलीकडं ते जाण्याची शक्यता निम्मी, आणि गेलं तरी ती आजारी पडेलच असं नाही. ही गोष्ट मी रात्रभर घोळवली, तरी सकाळी मुलीची वेणी घालताना तिच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय राहवलं नाही.

एमआरआयची तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली मिळाली आणि त्याच आठवड्यात कृष्णा पात्राबाहेर आली. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या गावाला पुराचा धोका नव्हता, पण रस्ते बंद, आणि शहरातल्या माणसांचे हाल बघून स्वतःच्या कमरेचं नाव काढायची लाज वाटली. गावातून भाकरी गोळा करून पाठवत होते, त्यात मीही रात्री दोनपर्यंत भाकऱ्या थापल्या. महिनाअखेरीस एमआरआय झाला.

मॅडमनी पडद्यावर चित्र लावलं. माकडहाडाच्या वरचं मोठं हाड आणि कमरेची दोन हाडं जिथं भेटतात, तो सांधा. हाड काळपट दिसत होतं, आणि सांध्याच्या दोन्ही कडांना, हाडाच्या आत, पांढरे ढग. "या चित्रात पाणी पांढरं दिसतं. ही हाडातली सूज. साध्या फोटोत ही दिसतच नाही. फोटोत दिसतं ते सूज येऊन गेल्यावर हाडाचं काय झालं ते, आणि त्याला वर्षं लागतात. शिवाय तुमचा २०१६ चा फोटो या सांध्याच्या वरच्या, कमरेच्या मणक्यांचा होता, हा सांधा त्यात जेमतेम कोपऱ्यात आलाय." कमरेच्या दोन मणक्यांच्या कोपऱ्यांवरही तसेच छोटे पांढरे ठिपके होते. आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. माझ्यासारख्या, साध्या फोटोत अजून काही न दिसणाऱ्या टप्प्यासह सगळ्याला मिळून अॅक्सियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस म्हणतात. कागदावर त्यांनी हेच मोठं नाव लिहिलं.

मी विचारलं, सूज आहे तर हाड झिजेल ना? गुडघ्याच्या संधिवातात झिजतं तसं?

त्यांनी जे सांगितलं ते मला तेव्हा अर्धंच कळलं. हा आजार सांध्याच्या गादीपेक्षा एका वेगळ्या जागेवर बसतो. अस्थिबंध किंवा स्नायूची दोरी जिथं हाडात रुततो, त्या जागेला एन्थेसिस म्हणतात. टाचेची मागची बाजू ही तशी जागा, आणि मणक्याच्या कोपऱ्यावर जिथं चकतीच्या बाहेरच्या कड्याचे धागे शिरतात तीही तशीच. चालताना, वाकताना, वजन उचलताना सगळा ताण तिथंच येतो. बहुतेकांच्या शरीरात त्या ताणानं होणाऱ्या बारीक इजा गुपचूप भरून निघतात. आमच्यासारख्यांच्या शरीरात तिथली संरक्षण करणारी पेशी भडकते आणि आयएल-२३, आयएल-१७, टीएनएफ असे संदेश सुटतात. आधी हाड खाल्लं जातं. मणक्याचे कोपरे कुरतडले जातात. इथवर हा आजार हात-पायांच्या सांध्यांच्या संधिवातासारखाच. फरक पुढं आहे. तिथं हाड खाल्लं जातं आणि खड्डा राहतो. इथं खड्डा भरायला जे येतं ते थांबत नाही. भरून झालं तरी हाड वाढतच राहतं, कोपऱ्यातून वर सरकतं, वरच्या मणक्यातून आलेल्या टोकाला भेटतं आणि दोन मणके एक होतात.

"म्हणजे सूज गेल्यावर हाड वाढतं?" मी विचारलं.

"सूज असताना ब्रेक लागलेला असतो," त्या म्हणाल्या. टीएनएफमुळं डीकेके-१ नावाचं प्रथिन वाढतं आणि ते हाड बांधणाऱ्या पेशींना दाबून धरतं. सूज ओसरली की तो ब्रेक सुटतो. निदान एक मत असं आहे. आयएल-१७ आणि प्रोस्टाग्लँडिन नावाचं सुजेतलं रसायन मात्र बांधणाऱ्यांना उत्तेजन देतात, त्यामुळं हिशोब एवढा सरळ राहत नाही. "पण क्रम लक्षात ठेवा. आधी सूज, मग भरण, मग हाड."

घरी येऊन मी हे यांना सांगायला गेले आणि मला धड सांगता आलं नाही.

कळलं ते सप्टेंबरात, बागेत. त्या वर्षी एका तुकड्यात नवी लावण होती. फेब्रुवारीत डॉगरीज जातीचे खुंट लावलेले, आता कलमं बांधायची होती. मी कलम बांधणाऱ्यांच्या मागं सुतळी, पट्ट्या, ओल्या गोणपाटात ठेवलेल्या काड्या पुरवत होते. खुंट आडवा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, वरच्या काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं गच्च बांधायचं. वीसेक दिवसांनी डोळे फुटायला लागले तेव्हा सासरे, आप्पा, एका न लागलेल्या कलमाची पट्टी सोडून बघत होते आणि शेजारच्या लागलेल्याचीही त्यांनी थोडी सैल करून दाखवली. चिरेच्या दोन्ही कडांनी पांढरट, दाणेदार गाठ धरली होती, शिजलेल्या वरीच्या भातासारखी. त्या गाठीतून खालचा खुंट आणि वरची काडी एक व्हायला लागली होती. बोटानं हलवून बघितलं तर काडी हलेना.

"ही गाठ कशातनं येती, आप्पा?"

"जखमंतनं. काप दिला म्हणून गाठ धरली. काप न्हाई तर गाठ कशाला धरंल?"

मी तिथंच सरीत बसले. माझ्या कमरेत हेच चाललं होतं. आमची कलमं आम्ही एकदा कापतो, जिथं पाहिजे तिथं कापतो, आणि जुळलं की पट्टी सोडतो. माझ्या मणक्यांच्या कोपऱ्यांवर रोज रात्री काप बसत होता आणि रोज तो भरत होता. तात्यामामांच्या पाठीत चाळीस वर्षांपूर्वी सगळी कलमं लागून गेली होती. दुखायचं राहिलं तेव्हा पाठ बसलेली होती. संध्याकाळी मी आप्पांना आणि यांना कलमाच्या भाषेत सगळं सांगितलं आणि पहिल्यांदाच घरातल्या प्रत्येकाला माझा आजार समजला. आत्यांनी त्या दिवसापासून वारं शिरल्याचं बोलणं सोडलं.

उपचार सुरू झाला तो गोळ्यांनी. साध्या वाटणाऱ्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या, पण पूर्ण मात्रेत आणि नेमानं, पोटाच्या गोळीबरोबर. पहिल्यानं एक दिली, महिन्यानं दुसरी. बऱ्याच जणांचं यावर भागतं. माझ्या पहाटा थोड्या सुधारल्या, सीआरपी मात्र उतरेना. सोबत व्यायाम. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायची, भिंतीला पाठ लावून हात वर न्यायचे, मान दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवायची, खोल श्वास घेऊन बरगड्या ताणायच्या. उशी पातळ. आजतागायत रोज वीस मिनिटं चालू आहे.

व्यायामाबद्दल मला एक शंका होती आणि ती मी विचारली. ताणाच्या जागीच आजार बसतो म्हणता, मग ताण द्यायचा कशाला? मॅडम म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे. उंदरांवरच्या एका प्रयोगात मागचे पाय जमिनीला टेकू दिले नाहीत तर तिथल्या टाचेला सूज आली नाही. पण माणूस टांगून ठेवता येत नाही. हलला नाही तर तो आखडतो, स्नायू जातात, आणि मणके जुळायचेच असतील तर वाकलेल्या अवस्थेत जुळतात. म्हणून जड ओझं, धक्के टाळायचे आणि हालचाल रोज करायची. बागेतल्या औषधाच्या टाक्या उचलणं मी तेव्हापासून बंद केलं. डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं, आणि विरळणी करते, फक्त दर अर्ध्या तासानं मांडवाखालून बाहेर येऊन मान मोकळी करते.

डिसेंबरात त्यांनी इंजेक्शनचा विषय काढला. अडालिमुमॅब, टीएनएफला थेट पकडून ठेवणारं, दर पंधरा दिवसांनी ४० मिलिग्रॅम, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली. भारतीय कंपनीचं औषध २०१४ च्या अखेरीस आलं म्हणून किंमत पूर्वीपेक्षा बरीच खाली होती, तरी आमच्यासारख्या घराला विचार करायला लावणारी होती. यांनी एकाच वाक्यात विषय संपवला, "औषधाच्या एका फवारणीला आपण किती घालतो?"

पण त्याआधी क्षयाची तपासणी. टीएनएफ हाच शरीरात दबून बसलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवतो. त्यालाच बांधलं तर जुना क्षय उसळू शकतो, आणि आपल्याकडं असा दबलेला जंतू पुष्कळांत असतो. छातीचा फोटो स्वच्छ आला, हातावर टोचून बघतात ती मँटू चाचणी मात्र फुगली, म्हणजे जंतू दबून असावा. माझ्या लहानपणी घरात आजोबांना क्षय झाला होता. मग आयसोनायझिडची गोळी सुरू झाली, ती महिनाभर घेऊन झाल्यावरच, २०२० च्या फेब्रुवारीत, पहिलं इंजेक्शन मिळालं. ती गोळी पुढंही सहा महिने चालू होती. कुणी घाईघाईनं ही पायरी गाळत असेल तर गाळू देऊ नका.

पहिलं नर्सबाईंनी दिलं, दुसरं मी स्वतः. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही, म्हणून फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दुधाच्या पातेल्यामागं. लाइट गेली की आत्या फ्रीजचं दार कुणाला उघडू द्यायच्या नाहीत. घ्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवायचं, नाहीतर फार झोंबतं.

पाचव्या की सहाव्या आठवड्यात एके दिवशी मला जाग आली आणि खिडकीत उजेड होता. सव्वासहा. मी दचकून उठून बसले, कुणी गेलं की काय झालं म्हणून. मग लक्षात आलं की मी नुसतीच, कशाला न धरता, उठून बसले आहे. आत्या दारातून डोकावल्या, मला बघितलं आणि काही न बोलता चहा ठेवायला गेल्या.

पुढच्याच आठवड्यात लॉकडाऊन लागला. इंजेक्शन थांबवायचं का म्हणून फोन केला. मॅडमनी सांगितलं, ताप-खोकला नसेल तर चालू ठेवा, आला तर थांबवून मला कळवा. सांगलीहून इंजेक्शनचा डबा आणायला यांनी पोलिसांना चिठ्ठी दाखवत मोटारसायकलवर फेऱ्या केल्या. सीआरपी तीन महिन्यांत ४ वर आला.

२०२२ मध्ये पुन्हा एमआरआय केला. पांढरे ढग जवळजवळ गेले होते. मी खूश झाले, पण मॅडम दुसऱ्या चित्राकडं बघत होत्या. सूज जिथं जुनी होती तिथं आता चरबीचे ठिपके दिसत होते. सूज ओसरल्यावर त्या जागी आधी अशी चरबी भरते आणि पुढं हाड वाढतं ते अशा जागांवर जास्त, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कमरेच्या एका मणक्याच्या कोपऱ्यावर काट्याएवढं टोक आलं होतं. म्हणजे एक-दोन कलमांनी माझ्या अंगात आधीच गाठ धरली होती, इंजेक्शन यायच्या आधीच्या वर्षांत. मी स्पष्ट विचारलं, इंजेक्शन हाड थांबवतं का? त्यांनी तितकंच स्पष्ट सांगितलं. सुरुवातीच्या दोन-दोन वर्षांच्या अभ्यासांत फरक दिसला नव्हता. नंतर जास्त वर्षं पाहिलेल्या रुग्णांत हाडाची वाढ मंदावलेली दिसली, आणि ज्यांना लवकर सुरू झालं त्यांना फायदा अधिक. जिथं सूज कधी आलीच नाही तो कोपरा वाचतो. ज्याची भरण सुरू झाली तो आपल्या वाटेनं जाऊ शकतो. बायकांमध्ये एकूण हाडाची वाढ पुरुषांपेक्षा हळू असते, हेही त्यांनी सांगितलं, आणि म्हणूनच बायकांचं निदान आणखी उशिरा होतं, हेही.

पाच वर्षं. त्यातली निम्मी जरी वाचली असती तर तो काटा आला असता का, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही.

त्या दिवाळीत मी तात्यामामांना मिरजेला आणलं. ते तयार नव्हते. "आता दुखत नाही तर कशाला?" पण आले. त्यांचा फोटो लावला तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. मणके वेगळे ओळखूच येत नव्हते. दोन्ही कडांनी खालपासून वरपर्यंत हाडाची सलग पट्टी, आणि चकत्यांच्या जागी थोडा फुगवटा. पेराचा बांबू उभा केल्यासारखं. मॅडमनी मामांना समजावलं की वयानं मणक्याला जी टोकं येतात, ज्याला लोक हाड वाढलंय म्हणतात, ती आडवी, बाहेर चोचीसारखी येतात. ही उभी आहेत, मणक्यामणक्यांना बांधणारी. शिवणयंत्राचा यात काही दोष नाही. मामा बराच वेळ फोटोकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मी पोराला धंद्यात येऊ दिलं नाही. पाठ वाकेल म्हणून."

बाहेरून एवढं हाड वाढलेलं असताना मणके आतून मात्र ठिसूळ झाले होते. हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. एकाच मणक्यात बाहेरच्या कडेला भर पडते आणि आतलं जाळं विरत जातं, दोन्ही त्याच सुजेनं. हाडाची घनता मोजली तर पाठीचा आकडा चांगला आला, कारण मशीन बाहेरचं हाडही मोजतं. खुब्याचा आकडा खरा, तो फार खाली होता. अशा सलग पाठीला साधं घसरणंसुद्धा मोठं मोडण्याचं निमित्त होऊ शकतं. त्यांना हाडाची औषधं सुरू झाली, न्हाणीत दांडा बसवला, कृष्णेच्या घाटाच्या ओल्या पायऱ्या उतरायचं बंद केलं. इंजेक्शनचा उपयोग आता थोडाच, कारण चालू सूज फारशी उरलेली नव्हती.

मामांचा मुलगा, माझा मामेभाऊ, पुण्याला नोकरीला आहे, २७ वर्षांचा. गेल्या महिन्यात लग्नात भेटला तेव्हा पंगतीत मांडी घालून बसताना एका बाजूला कलत होता. मी विचारलं, "पहाटे कितीला उठतोस रे?" तो हसला. "ताई, चारला. जिमला जातो ना." मग हसू थोडं कमी करून म्हणाला की जिमनंतरच बरं वाटतं, आणि रविवारी जास्त दुखतं. फोटो काढला होता का? काढला होता, कंपनीच्या तपासणीत. नॉर्मल.

त्याचा त्या सांध्याचा एमआरआय २१ तारखेला आहे. तो नको म्हणत होता. मामांनी फोनवर त्याला एवढंच सांगितलं, "ताई सांगते तसं कर." मी आदल्या दिवशी पुण्याला जाते आहे, माझं इंजेक्शन बर्फाच्या डब्यात घालून, कारण तोच माझाही दिवस आहे.